दावणीला बांधलेला उन्हाळा

होळी पेटली की आमच्याकडे उन्हाळ्याची तयारी सुरू होते. माळ्यावरचा माठ खाली येतो, वाळ्याची जुडी आणली जाते, पंख्यांची पाती पुसली जातात आणि ज्यांच्याकडे ए.सी. आहे ते मेकॅनिकला फोन लावतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे होते, कैरीची डाळ होते. माणसाच्या उन्हाळ्याला आपल्याकडे अशी सगळी रीतभात आहे. पण त्याच घराच्या गॅलरीत एखादा पिंजरा टांगलेला असतो, जिन्याखाली मांजर व्यालेले असते, इमारतीच्या मागे वॉचमनमामांच्या चार कोंबड्या असतात. त्यांच्या उन्हाळ्याची तयारी कोणी करायची? या प्रश्नाचे उत्तर मला दोन वर्षांपूर्वी महागात पडले, म्हणून हे लिहायला बसले आहे.

डोंबिवलीतील आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आणि गॅलरी पश्चिमेला. धाकट्या भावाच्या हट्टापायी सशांची एक पांढरी जोडी घरात आली होती. एप्रिलचा तिसरा आठवडा असावा. माझा पेपर दीडचा होता. बारा वाजता निघताना मी गॅलरीत डोकावले. पिंजऱ्यावर सावली होती, बाटलीत पाणी होते, कोथिंबिरीच्या काड्याही घातल्या होत्या. निश्चिंत मनाने गॅलरीचे दार ओढून घेतले आणि गेले. आई बँकेत, भाऊ क्लासला. साडेपाचला परतले तेव्हा दोघेही एका कुशीवर आडवे झाले होते. बाटलीला हात लावला, तर पाणी अंघोळीच्या पाण्यासारखे कढत. एक ससा गेलेलाच होता, दुसरा त्याच रात्री गेला. भावाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि ते योग्यच होते.

पाणी ठेवायला मी विसरले नव्हते. सावलीही पाहिली होती. चूक एवढीच की ती बारा वाजता पाहिली. पश्चिमेच्या गॅलरीत ऊन शिरते ते दोननंतर, आणि ते थेट सहापर्यंत हलत नाही. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि पारा तिशीच्या वर गेला की त्याची तगमग सुरू होते. हे सारे मी नंतर वाचले. आधी वाचायला हवे होते, पण ससा विकणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

ही हकिगत कल्याणला आजीला सांगितली, तेव्हा ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "अगं, पण तू त्यांना हलवलं कसं नाहीस?"

तिचा प्रश्न मला प्रथम कळलाच नाही. मग तिने पारनाक्याजवळच्या त्यांच्या जुन्या वाड्यातली शेळीची गोष्ट सांगितली. शेळी एक, पण तिच्यासाठी खुंट दोन. एक वाड्याच्या मागच्या अंगाला, पश्चिमेच्या भिंतीलगत. सकाळी तिथे सावली असे. दुसरा पुढच्या ओसरीपाशी, कारण दुपारची जेवणे उरकेपर्यंत सावली तिथे येऊन पोचे. जेवून हात धुतले की घरातल्या कोणातरी पोराने शेळी सोडायची आणि दुसऱ्या खुंटाला नेऊन बांधायची. विहिरीजवळ दगडी डोणी होती, ती दिवसातून दोनदा भरायची. याला कोणी भूतदया म्हणत नसे. ते घरातले काम होते, दिव्याची काच पुसण्यासारखे. तो वाडा आज नाही. त्या जागी सात मजले उभे आहेत, विहीर पार्किंगखाली गेली आणि ओसरीच्या जागी लिफ्ट आली.

मला वाटते, साऱ्या विषयाचे मर्म त्या दोन खुंटांत आहे. मोकळे जनावर स्वतःची सावली स्वतः शोधते. भर दुपारी डोंबिवली स्टेशनच्या पुलाखाली पाहा, उभ्या रिक्षांच्या पोटाखाली पाहा, नळाच्या ओल्या कट्ट्याला पोट टेकून पडलेली कुत्री पाहा. सावली सरकली की तीही उठून सरकतात. आपण त्याला दावे बांधले, पिंजऱ्याची कडी लावली किंवा गॅलरीचे दार ओढले, की त्या क्षणापासून सावली शोधण्याचे त्याचे काम आपल्या अंगावर येते. ते काम करायचे नसेल तर दावे बांधू नये. प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या मंडळींशी माझे इथेच जमत नाही. त्यांच्याशी बोलताना फोटो, नावे आणि वाढदिवस यांचीच चर्चा फार होते; दुपारी तीन वाजता पिंजरा कुठे होता, हे कोणी विचारत नाही.

"आमच्या नागपूरला त्रेचाळीस असतो, तुम्ही छत्तीसला काय रडता?" असे माझा मामेभाऊ दर मे महिन्यात फोनवर ऐकवतो. त्याला उत्तर आहे. कुत्र्याला पंजांच्या तळव्यांखेरीज फारसा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातला ओलावा उडून गेल्याने थंड होतो. कोंबडीला तर घामाच्या ग्रंथीच नाहीत, तीही चोच उघडून हेच करते. पण ठाणे-कल्याणची हवा खाडीची. हवेतच इतकी वाफ भरलेली असते की तोंडातला ओलावा उडायला जागा मिळत नाही. कुत्रा धापा टाकतो आणि त्याचा उपयोग निम्माच होतो. हवामान खातेसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशात ४० अंशांपासून विचार करते आणि किनाऱ्यावर ३७ पासून, ते उगीच नव्हे. शिवाय आता होळीची वाट पाहूनही चालत नाही. २०२५ साली फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला होता. होळी तेव्हा दोन आठवडे दूर होती आणि आमचा माठ माळ्यावरच होता.

आमच्या वॉचमनमामांची बायको जालन्याकडची. आम्ही तिला मावशी म्हणतो. इमारतीच्या मागे पत्र्याच्या आडोशाला तिचे खुराडे आहे. पत्रा तापला की आतली कोंबडी भाजून निघते, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. मार्च लागताच ती पत्र्यावर पेंढा पसरते, त्यावर दोन फळकुटे ठेवते, आणि ज्या अंगाने वारा येतो तिथे ओले गोणपाट लटकवते. खुराड्याचे तोंड मात्र उघडे ठेवते; वारा खेळला नाही तर ओल्या गोणपाटाने आत नुसती वाफ कोंडते. पाण्याचे मातीचे पसरट भांडे सावलीत असते आणि दुपारी एकदा ते ओतून नवे पाणी भरले जाते, कारण कोमट पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही. दुपारी ती दाणा घालत नाही. "पोटात दाना असला की जीव आजून उकडतो," असे तिचे म्हणणे. पुस्तकात पाहिले तर तिचेच म्हणणे निघाले: अन्न पचताना अंगात उष्णता निर्माण होते, म्हणून उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर द्यावा. वैशाखात अंड्याची कवचे पातळ का होतात, हेही मी तिच्याकडे पाहून विचारू लागले. कोंबडी सारखी धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डाय-ऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर जातो, आणि कवचाला लागणारे कार्बोनेट कमी पडते. माणसाचे अंग तापले तर थर्मामीटर लावतात. कोंबडीचे अंग मुळातच ४१ अंशांच्या पुढे असते; तिचा ताप हाताला कळायचा नाही, तो अंड्यावरून ओळखावा लागतो.

मावशीजवळ पैसे नाहीत, जागा नाही, पण तिच्या कोंबड्या मे महिना काढतात. ज्यांच्याजवळ दोन्ही आहे त्यांच्या घरी काय चालते तेही सांगते. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक चपट्या नाकाचा पग लहान मुलाच्या मागे मागे फिरताना दिसला आणि गावोगाव घराघरांत पग आले. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप टाकायचीच पंचाईत. श्वासाची वाटच अरुंद. त्याच्याहून मोठी हौस म्हणजे सायबेरियाचा हस्की. बर्फात गाडी ओढण्यासाठी ज्याच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत, त्याला आणून डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवायचे, आणि मग एप्रिलमध्ये दया येऊन त्याचे केस भादरायचे! त्या केसांनी ऊनही अडते. ते मुळापासून काढले तर कातडी उघडी पडते. विंचरून सुटे केस काढावेत, कातरू नयेत. पण माझे मत विचाराल तर त्याची उन्हाळ्याची तयारी त्याला विकत घेण्याच्या दिवशीच करायची होती, न घेऊन. ए.सी. आहे ना, असे म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात वीज किती वेळा जाते ते आठवावे. गल्लीतले तांबडे कुत्रे आणा, ते दोन पावसाळ्यांत तुमच्यापेक्षा जास्त डोंबिवलीकर होईल.

तळमजल्यावरच्या काकांचा पग गेल्या वर्षी असाच मरता मरता वाचला. सायंकाळचे पाच वाजले म्हणजे ऊन उतरले असे समजून काका त्याला फिरायला घेऊन गेले. ऊन उतरले होते, काँक्रीटचा रस्ता उतरला नव्हता. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजावेत. हात ठेववत नसेल तर कुत्र्याचे पायही ठेववत नाहीत. काकांच्या पायात चपला होत्या. वळणावर कुत्रे झोकांड्या देऊ लागले, जीभ गर्द लाल, तोंडातून चिकट लाळ. सुदैवाने तिथे इस्त्रीचे दुकान होते. दुकानदाराने त्याला आत ओढले, पोटावर, जांघेत आणि पंजांवर नळाचे साधे पाणी ओतत राहिला आणि वर पंखा लावला. तोंडात पाणी कोंबले नाही, ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवला नाही (त्याने उष्णता आतच कोंडते), आधी अंग निववले आणि मग रिक्षेने डॉक्टरकडे धाडले. त्या दुकानदाराला हे कसे ठाऊक, असे विचारल्यावर तो म्हणाला, दिवसभर इस्त्रीसमोर उभे राहणाऱ्याला उष्णतेचे कळते.

म्हशींची गोष्ट याहून मोठी आहे, कारण तिथे एकदोन जीव नसतात. दुर्गाडीच्या परिसरातले तबेले कल्याणकरांना परिचयाचे आहेत. म्हैस काळी, ऊन शोषून घेणारी, आणि गाईच्या मानाने तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी फारच थोड्या. निसर्गाने तिला त्यावर उपाय दिला तो डुंबण्याचा. तासभर पाण्यात बसली की तिचा दिवस निघतो. अंगावरचा चिखल वाळेपर्यंत गारवाही राहतो आणि माश्याही चावत नाहीत. पण तबेल्यातली म्हैस दावणीला असते. तिला खाडीवर न्यावे तर मध्ये ट्रकचा रस्ता, आणि खाडीचे पाणी कसे आहे ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा डबके तिच्याकडे यायला हवे: दुपारी दोनदा पाइपने पाणी, छपराला वरून चुना, आणि पिण्यासाठी दुभत्या म्हशीमागे रोजचे साठ-सत्तर लिटर तरी. हे सांगणे सोपे आहे. ज्या भागात माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते तिथे तबेलेवाल्याने म्हशीवर पाणी ओतले, तर शेजारचे त्याला काय म्हणतील ते मला माहीत आहे. तरी उन्हाळ्यात दूध घटले की भाववाढीची बातमी आपण चवीने वाचतो; त्या बातमीच्या मुळाशी डुंबायला न मिळालेली म्हैस असते, हे मात्र बातमीत नसते.

एक गोष्ट लिहिता लिहिता लक्षात आली. आपले जनावरांचे सण पाहा. नागपंचमी श्रावणात, पोळा श्रावणाच्या अखेरीस, वसुबारस आश्विनात. सगळे पाऊस पडून हिरवळ झाल्यावरचे. बैलाच्या शिंगांना बेगड लावायची तेव्हा त्याला पाणीही असते आणि चाराही. वैशाखात त्याचा सण नाही. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान सांगितले आहे, ते तेवढे उन्हाळ्याची जाण असलेल्या माणसाने सांगितलेले वाटते. पण त्या कुंभातले पाणी जनावरापर्यंत पोचत नाही.

कायद्याने मात्र उन्हाचा विचार केलेला आहे, हे वाचून मला नवल वाटले. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसंबंधी १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले. जिथे पारा ३७ अंशांच्या वर गेला असेल तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावराला जुंपू नये, सलग पाच तासांहून अधिक काम देऊ नये, दिवसाचे नऊ तासांहून अधिक नको, असे त्यात लिहिले आहे. (आमचा पेपर दीडचा असतो, हे जाता जाता नमूद करते.) १९६० च्या मूळ कायद्यात जनावराला आखूड दाव्याने फार वेळ बांधून ठेवणे आणि मालकाने त्याला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. लोकलमध्ये विनातिकीट सापडलात तर याहून कितीतरी जास्त जातात. माझ्या दोन सशांचा हिशेब त्यात कसा बसतो ते मी मांडून पाहिला आणि कागद फाडून टाकला.

राहिली ती बांधलेली नसलेली जनावरे. ती सावली शोधतात असे मी वर म्हटले. पण सावली असली तर. झाड तोडून, मातीवर पेव्हर ब्लॉक बसवून, नळाचा कट्टा बंद करून आपण त्यांनाही एक मोठे दावे बांधलेच आहे. मुंबईतल्या जुन्या दगडी पाणपोयांपैकी काहींना माणसाच्या तोटीखाली जनावरांसाठी वेगळे कुंड असे. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक सिमेंटची कुंडी ठेवावी एवढाच प्रस्ताव मी गेल्या मार्चमध्ये सभेत मांडला आणि दीड तास वाद झाला. कुत्री जमतील, असे एक काका म्हणाले. डास होतील, असे दुसरे म्हणाले. दुसऱ्यांचे बरोबर होते, हे मी कबूल करते. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात, आणि डेंग्यूचा त्रास आमच्या इमारतीने भोगलेला आहे. म्हणून ठरले ते असे: कुंडी उथळ, त्यात एक दगड, म्हणजे पाखरू पडले तर बाहेर येईल, रोज सकाळी काथ्याने घासून पाणी बदलायचे, आणि ज्या दिवशी घासली नाही त्या दिवशी उलटी ठेवायची. पाळ्या लावल्या. पहिल्या पाळीचे नाव त्या डासांच्या काकांचे होते, आणि त्यांनी एक दिवसही चुकवला नाही. कुत्री जमली का? दोन येत होती, तीच दोन येतात. खारी मात्र नव्या आल्या.

ठाण्याच्या येऊरच्या जंगलात वनखाते दरवर्षी वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मचाणांवर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजते. त्या दिवसांत पाणी थोड्याच जागी उरते, तेव्हा प्रत्येकाला तिथे यावेच लागते, हा त्यामागचा विचार. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात अशी मोजणी केली तर ती कँटीनच्या मागच्या दारापाशी करावी लागेल. तिथल्या तीन मांजरी आपण सर्वांनी मिळून पाळल्या आहेत. जून ते मार्च त्यांना समोशाचे सारण मिळते, ताक मिळते, ग्रंथालयाच्या खिडकीत झोपायला मिळते, प्राध्यापक मंडळीही त्यांना ओळखतात. मग परीक्षा संपतात, कँटीनचे शटर खाली येते, आपण आपापल्या गावी जातो. आवाराला कुलूप. नेमक्या वैशाखात त्यांचे पाणी बंद होते. त्यांना उंदीर पकडायची सवय आपण मोडली आणि निघून गेलो.

मित्रहो, यासाठी निधी नको आणि उद्घाटनही नको. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांपैकी जे डोंबिवली-कल्याणातच सुटी काढणार आहेत अशा दहाबारा जणांची नावे हवीत, म्हणजे प्रत्येकाला आठवड्यातून फार तर एकदा यावे लागेल. मी माझे नाव सोमवारसाठी दिले आहे. शिपाईमामांना विचारून ठेवले आहे. ते म्हणाले, सुटीत मुख्य फाटक बंद असते, पण सायकल स्टँडकडचे छोटे दार सकाळी नऊपर्यंत उघडे असते, आणि त्याच भिंतीला एक नळ आहे. सावली तिथे दहापर्यंतच राहते, तेव्हा भांडे नळाशी ठेवू नका, जिन्याखाली ठेवा, असेही त्यांनी सांगितले.